साखर न घालता मीठ-पाणी: उन्हात राबायला नव्याने उतरणाऱ्यांसाठी

घामातून बाहेर जातं ते पाणी आणि मीठ. साखर जात नाही. तरी उन्हातून आलेल्या माणसापुढे आपण आधी साखरेचं शरबत ठेवतो, दुकानातून ग्लुकोजची पुडी आणतो, बसस्टँडवर थंड्याची बाटली घेतो, आणि घरी पोचल्यावर दोन चमचे साखरेचा चहा ठरलेलाच. तहान भागल्यासारखी वाटते, मिठाची तूट मात्र तशीच राहते आणि साखर दिवसभर पोटात पडत जाते. शुगर हा आता शहरातल्या लोकांचा आजार राहिलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या रांगेत वावरात राबणारी माणसंच उभी असतात. "साखर बंद करा" असं ऐकून ती घरी येतात आणि पहिला प्रश्न पडतो तो हा, की मग उन्हात प्यायचं काय?

हा लेख त्यांच्यासाठी आहे. यंदा पहिल्यांदाच तेंदूपत्ता तोडायला, रोजगार हमीच्या (रोहयो) मातीकामावर किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. पुण्या-मुंबईची नोकरी सोडून वावर सांभाळायला परतलेल्यांसाठी आणि बदलीवर चंद्रपूर-अकोल्याकडे आलेल्या शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षकांसाठीही आहे. मे महिन्यात इथे विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, रात्री उशिरापर्यंत भिंती गरम असतात. तेव्हा ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा मार्चपासूनच सवय लावलेली बरी.

आधी हे बघा: जास्तीचं मीठ तुम्हाला चालतं का

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नाही. देशपातळीवरच्या पाहणीत आपलं सरासरी मीठ ८ ग्रॅमच्या आसपास निघालं आहे. त्यामुळे दुकानात बसणाऱ्याने किंवा पंख्याखाली शाळा घेणाऱ्याने उन्हाळा आहे म्हणून वेगळं मीठ पिऊ नये. त्याने फक्त पाणी वाढवावं. सकाळी दोन तास वावरात चक्कर टाकून येणाऱ्याचंही तेच, त्याला जेवणातलं मीठ पुरतं.

वेगळं मीठ लागतं ते तीन-चार तासांहून जास्त वेळ घाम गाळणाऱ्याला. सदरा वाळल्यावर पाठीवर आणि काखेत जे पांढरे पट्टे उठतात ते मीठच असतं. ज्याच्या कपड्यावर ते ठळक उठतात त्याच्या घामात मीठ जास्त जातं. एक लिटर घामात एक ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत मीठ असू शकतं. माणसामाणसात एवढा फरक असतो, म्हणून शेजाऱ्याचं माप डोळे झाकून उचलू नका.

आता ज्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही मीठ वाढवू नये असे लोक. बीपी आहे, हृदयाचा त्रास आहे, मूत्रपिंड किंवा लिव्हर कमजोर आहे, पायावर सूज येते, गरोदरपणात बीपी वाढलेलं आहे. यातलं काही असेल तर या लेखातला पाण्याचा, सावलीचा आणि कामाच्या वेळेचा भाग पाळा, मिठाचा भाग डॉक्टरांशी बोलून ठरवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाण्याचं मापही त्यांच्याकडूनच घ्या. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडी डॉक्टरांना एवढं विचारायचंच: "मी रोज इतके तास उन्हात काम करतो, गोळी अशीच चालू ठेवू का, आणि उलट्या-जुलाब झाले तर काय करू?"

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वेगळं सांगायला हवं, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या भागांत तो बऱ्याच घरांत आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात असह्य कळा सुरू होऊ शकतात. शिवाय त्यांचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवण्यात कमी पडतं. त्यामुळे पुढे सांगितलेली लघवीच्या रंगाची खूण त्यांना लागू पडत नाही. लघवी फिकट दिसली तरी त्यांच्या शरीराला पाणी कमी पडलेलं असू शकतं. त्यांनी रंग न बघता घड्याळावर प्यावं आणि दुपारच्या उन्हात काम करूच नये. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झालेली नसेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी केंद्रांवर होते. कामाला लागण्याआधी करून घ्या.

मोजायचा चमचा एकच ठेवा

चिमटीवर भरवसा ठेवू नका. कुणाची चिमूट पाव ग्रॅमची असते, कुणाची एक ग्रॅमची. औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकचं मापाचं झाकण येतं, त्यावर ५ मिलीची खूण असते. ते धुऊन, वाळवून घ्या. त्या खुणेपर्यंत बारीक मीठ भरलं की साधारण ६ ग्रॅम होतं. ते कागदावर ओता, सुरीने दोन सारखे भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन करा. एवढासा जो ढीग उरला तो पाव चमचा, म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि त्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. तो ढीग एकदा नीट बघून ठेवा. बहुतेकांना तो वाटलं होतं त्याहून लहान दिसतो.

घामासाठीचं माप सोपं आहे: एक लिटर पाण्याला पाव सपाट चमचा मीठ. असं पाणी दिवसभरात दोन, फार तर तीन लिटर. बाकी सगळं साधं पाणी. चव डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागली तर मीठ जास्त झालं आहे, त्यात पाणी घाला.

मीठ आयोडीनचं, बारीक. खडेमीठ चमच्यात नीट बसत नाही आणि माप चुकतं. काळं मीठ आणि सैंधव चवीला चांगलं, पण तेही मुख्यतः सोडियमचंच मीठ आहे आणि त्यात आयोडीन मिसळलेलं असेलच असं नाही. "कमी सोडियम" लिहिलेलं मीठ मुद्दाम टाळा. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. घामाची तूट त्याने भरत नाही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.

पाणी कुठलं भरता?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारट. तिथल्या माणसाला वाटतं की आपल्या पाण्यात मीठ आहेच, तेच पिऊन भागेल. पण त्या पाण्यात कोणते क्षार किती आहेत ते बोअरगणिक बदलतं, त्याचा हिशेब कुणाला लावता येत नाही. प्यायला नळयोजनेचं किंवा शुद्ध केलेलं पाणी घ्या आणि मीठ वरून मोजून घाला. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. उन्हाळ्यात माणूस दुप्पट पाणी पितो, म्हणजे फ्लोराइडही दुप्पट पोटात जातं, आणि पाणी उकळल्याने ते निघत नाही. ज्या हातपंपाला लाल रंग दिला आहे त्याचं पाणी, कितीही गार असलं तरी, प्यायला घेऊ नका.

वीस लिटरचा थंड जार आणला असेल तर हरकत नाही. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून दिवसभर नुसतं तेच प्यायचं असेल तर बरोबर मिठाचं काहीतरी हवंच.

पहिला आठवडा दमाने घ्या

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ हळूहळू कमी होतं. म्हणजे नव्या माणसाच्या घामात मीठ जास्त जातं आणि त्याचं अंगही लवकर तापतं. कामगारांच्या आरोग्याचे जाणकार सांगतात की नवख्याने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम उन्हात करावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. रोजीवर जाणाऱ्याला हे सोपं नाही, मला कल्पना आहे. पण निदान पहिले चार-पाच दिवस अकराच्या आत घरी या, दर तासाला दहा मिनिटं झाडाखाली बसा, आणि मुकादमाला आधीच सांगून ठेवा की हा गडी नवा आहे. लग्नसराईत किंवा आजारपणात आठ-पंधरा दिवस काम सुटलं असेल तर परतल्यावर तुम्ही पुन्हा नवखेच.

दिवस कसा लावायचा

उठल्यावर आधी लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर कालचं पाणी पुरलं. गडद असेल तर वावराकडे निघायच्या आधीच अर्धा लिटर पाणी, पण घाईने नको, तासाभरात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंग तसाही गडद पिवळा येतो, त्याने घाबरू नका.

नुसत्या चहावर घर सोडायचं नाही. रात्रीची भाकर ताकात कुस्करून, किंवा ज्वारीच्या कण्या आणि ताक, सोबत कांदा आणि थोडा ठेचा. अन्न, मीठ आणि पाणी तिन्ही एकाच ताटात आलं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाताची पेज मीठ घालून पितात, तीही चांगली. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही असं घरोघरी सांगतात आणि त्यामागे काळजीच असते. पण तो खिशातून काढून भाकरीबरोबर खाल्ला तर अंगी लागेल.

सोबत नेताना अर्ध्या दिवसाला माणशी निदान चार लिटर धरा. त्यातलं एक-दोन लिटर मिठाचं, बाकी साधं. छागल (पाणी गार ठेवणारी कापडी पिशवी) असेल तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवा. पाणी गार असलं की माणूस जास्त पितो, म्हणून एवढी खटपट करायची.

कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिली. घड्याळ कोण बघतो? म्हणून धुऱ्याशी (बांधाशी) आलं की पाणी, असा नियम लावून घ्या. दोन वेळा साधं, तिसऱ्यांदा मिठाचं. तहान लागायची वाट बघू नका, ती उशिराच लागते. मात्र तासाला दीड लिटरच्या वर कधीच नाही. घाम भरपूर जातो आहे आणि माणूस नुसतं साधं पाणी रिचवतो आहे, अशाने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो अजून साधं पाणी पाजतो. अशा माणसाला आधी विचारा: "किती पाणी प्यायलास? सकाळपासून काही खाल्लं का? लघवी किती वेळा झाली?" पाणी भरपूर झालं आहे, खाणं नाही आणि लघवी पांढरी स्वच्छ, असं असेल तर साधं पाणी थांबवा, शुद्धीत असेल तर काही खारट खायला द्या आणि दवाखाना गाठा.

दुपारचं जेवण चुकवू नका. मीठ भरून काढायचं खरं ठिकाण ते आहे. वरण, कढी, चिंचेचं सार, भाजीचा रस्सा, यांत पाणी आणि मीठ दोन्ही असतं, आणि डाळीतून पोटॅशियमही मिळतं. आंब्याच्या लोणच्याच्या मोठ्या फोडीत ग्रॅमभर मीठ सहज असतं. लोणचं आणि पापड दोन्ही झालं असेल तर दुपारनंतर मिठाचं पाणी एखादा पेला कमी करा.

बायकांचं पाणी

हे वेगळं लिहितो कारण बाकी सगळी मापं इथे येऊन फसतात. मजुरीला जाणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यांना तहान लागत नाही असं नाही. लघवीला बसायला आडोसा नसतो. पुरुष कुठेही उभे राहतात, बाई दुपारपर्यंत कळ सोसते आणि त्यासाठी घशाला कोरड पाडून घेते. मग लघवीची जळजळ, मुतखडा, चक्कर. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. त्यांना "पाणी प्या हो मावशी" असं शंभरदा सांगून काही होत नाही.

आडोसा करावा लागतो, आणि तो आपल्याकडे फुकटात होतो. कापूस संपल्यावर पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पडलेल्या असतात, तुराट्या असतात. चार बल्ल्या ठोकून तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचा कूड बांधा, चौथ्या बाजूला जुनं लुगडं किंवा पोतं टांगा. आत एक छोटा खड्डा, बाजूला मातीचा ढीग, बाहेर हात धुवायला पाण्याचा डबा आणि साबणाचा तुकडा. दोन माणसांचं अर्ध्या सकाळचं काम आहे. ज्याचं वावर, त्याने हे करायचं. हंगाम सुरू व्हायच्या आधी करायचं, आणि बायकांना विचारून जागा ठरवायची, कारण रस्त्याच्या कडेला बांधलेल्या कुडात कुणी जाणार नाही. रोहयोच्या कामावर पाणी आणि सावलीची सोय करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तिथे ती मागून घ्या आणि आडोशाचंही त्याच वेळी बोला.

काय करून प्यायचं

ताक सगळ्यात वर. वाटीभर दही, चार वाट्या पाणी, चांगलं घुसळून लोणी काढून घ्या. लिटरला पाव चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. ताकात थोडी नैसर्गिक दुधातली साखर असते, ती वरून घातलेली नाही आणि पातळ ताकात ती फारशी उरत नाही. सोडियम मिठातून, पोटॅशियम ताकातून. मात्र उन्हात ते तीन-चार तासांत आंबट-ढाण होतं, म्हणून पहाटे केलेलं ताक दहाच्या न्याहारीपर्यंत संपवा. स्टीलच्या डब्यात किंवा मडक्यात न्या. पितळी, तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं आणि त्याने उलट्या होतात. लिंबू, चिंच, कैरीचंही तसंच.

कैरीचं पन्हं गुळाशिवाय होतं का? होतं, आणि सवय लागल्यावर गोड पन्हं नकोसं वाटतं. एक मध्यम कैरी चुलीच्या राखेत भाजून घ्या, गर काढा, लिटरभर पाण्यात कुस्करा. पाव चमचा मीठ, जिरेपूड, पुदिन्याची चार पानं ठेचून. आंबट झालं की लोक गूळ घालतात, तिथे थांबा आणि पाणी घाला. पहिले दोन-तीन दिवस जिभेला गोडाची आठवण येते. तेव्हा जिऱ्याचं प्रमाण वाढवून बघा, भाजलेल्या जिऱ्याने चव भरून येते.

लिंबू-पाणी: लिटरला एक लिंबू, पाव चमचा मीठ, साखर नाही. एप्रिल-मेमध्ये लिंबू महाग होतं, तेव्हा चिंच. सुपारीएवढी चिंच भिजवून गाळून घेतली की लिटरभर होतं. अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचंही आंबट पाणी छान होतं, रंगही सुरेख येतो.

आंबील थोडी खटपटीची, पण तेंदूपत्त्यावर जाणाऱ्यांना मी तीच सुचवीन, कारण ती पोटभर होते. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवा. पहाटे दोन पेले उकळत्या पाण्यात ते सोडा, गुठळी होऊ न देता पाच-सात मिनिटं शिजवा, गार झाल्यावर पाणी आणि ताक घालून लिटरभर करा, मीठ आणि ठेचलेला लसूण घाला. शुगर असलेल्याने हे पेय न धरता जेवण धरावं आणि तेवढी भाकर कमी करावी, कारण ज्वारीचीही पोटात साखरच होते.

नारळपाणी आपल्याकडे महाग. त्यात पोटॅशियम भरपूर असतं पण सोडियम कमी, आणि थोडी साखरही असते. घामासाठी मिठाच्या ताकाच्या जागी ते बसत नाही. काकडी, टरबूज, टमाटे मीठ लावून खा. टरबुजाच्या एक-दोन फोडी शुगरवाल्यालाही चालतात, अख्खं टरबूज फोडून बसू नका.

साखर कुठून येते ते शोधा

गुळाला लोक निर्दोष समजतात. शरीराला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. उसाचा रस, रसना, गोळा, सगळं त्याच खात्यात. थंड्याच्या १०० मिलीमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर. दिवसाला जास्तीची साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ग्लुकोजच्या पुडीत ग्लुकोजच असतं, मीठ नावापुरतं.

पण खरा आकडा चहात लपलेला असतो. दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम, आणि कामावर दिवसाला चार-पाच कप होतात. शरबत सोडूनही साखर हटत नाही ती यामुळे. एकदम बंद करायला जाऊ नका, आठवड्याला अर्धा चमचा कमी करा आणि दुपारच्या चहाच्या जागी ताक ठेवा. दारूचं एका वाक्यात: मोहाची असो की दुकानातली, ती शरीरातलं पाणी बाहेर काढते, रात्रीच्या दारूवर सकाळी उन्हात जाऊ नका.

किराणा दुकानात छोट्या खोक्यांतून मिळणारी फळांच्या चवीची पेयं "ओआरएस" म्हणून विकली जायची. त्यांत साखर खूप आणि मीठ कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. जुना माल दिसला तर घेऊ नका.

जुलाब-उलट्या झाल्या तर साखर काढू नका

इथे वरचा सगळा नियम बदलतो, आणि हे शुगरवाल्यांनी नीट वाचावं. जुलाबात आतडं पाणी धरत नाही. पण सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आले की आतड्याच्या अस्तरातून ते सोबतच आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. पटकीतही (कॉलऱ्यातही) ही वाट चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावला मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. म्हणून ओआरएसमधलं ग्लुकोज औषधच आहे, ते काढलं तर ओआरएस निकामी.

आणि ते फार नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. अख्ख्या लिटरात साधारण तीन चमचे साखरेच्या वजनाएवढंच! शुगर असली तरी जुलाबात ते घ्यायचं, ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासत राहायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पुडी आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळते. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच पूर्ण ओता, अर्धी अर्धी नको, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथे मीठ घामाच्या मापाच्या दुप्पट आहे हे लक्षात ठेवा, दोन मापांची गल्लत करू नका.

अजून एक वेळ साखर हवीच असते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला उन्हात दरदरून घाम आला, हात थरथरले, पोटात खड्डा पडला, तर साखर खाली गेलेली असू शकते. तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा, मग खायला द्या. अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी कायम असावी आणि सोबत काम करणाऱ्यांना ते माहीत असावं.

पावसाळ्यात फवारणी करताना चक्कर, मळमळ, घाम आला तर "पाणी कमी पडलं" असं समजून लिंबू-पाणी पाजत बसू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या, दम लागला, की कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

ऊन लागलंच तर

गोळे आले, गळून गेल्यासारखं झालं पण माणूस नीट बोलतो आहे: सावली, सैल कपडे, मिठाचं ताक किंवा ओआरएस घोट घोट, आणि त्या दिवशीचं काम बंद. तासाभरात उतार नसेल तर दवाखाना.

बोलणं भरकटलं, चालताना झोक जातो, झटका आला, शुद्ध हरपली, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम असला काय, नसला काय. तोंडात काहीही घालू नका, पाणी श्वासनळीत जाईल. सावलीत आडवं करा, कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा आणि दुपट्ट्याने, टोपलीने, हाताला लागेल त्याने वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत ठेवा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही, गाडीतही ओलं फडकं चालू ठेवायचं. १०८ ला फोन करताना गाव, तालुका, जवळची ओळखीची खूण आणि वावर कोणत्या पांदणीला आहे ते सांगा, आणि गाडीला वाट दाखवायला एका माणसाला लगेच पक्क्या सडकेवर पाठवा.